खालच्या पट्टीतला आवाज

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. सिंधुदुर्गातला आंबा बांद्याहून पेडण्यात, नाहीतर दोडामार्गातून डिचोलीत, पहाटे शिरला तर ठीक; उन्हं वर आली की भाव उतरतो. चार-पाच वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोत मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. सीमेवरच्या एका नाक्यावर, कुठल्या ते राहू दे, शिट्टी वाजली.

"काय आसा?"

"काय नाय ओ साहेब, आंबे आसत."

मग कागद. त्यातल्या एकाची मुदत संपलेली. टॉर्चचा उजेड त्या तारखेवर येऊन थांबला आणि दोघांचेही आवाज एकदम खाली उतरले. हातभर अंतरावर बसलेल्या मला शब्द कळेनात. लायसनच्या प्लास्टिकची सळसळ तेवढी ऐकू आली, आणि "चला".

लाच ही बघण्यापेक्षा ऐकण्याची गोष्ट आहे, हे तेव्हा डोक्यात बसलं. तिचं नाव कुणी घेत नाही. "चहापाणी", "बघा काय ते", "समजून घ्या". सिनेमात खाकी दाखवली की खलनायक ठरून जातो आणि आपण सुटतो. रेडिओवरच्या श्रुतिकेत गणवेश दिसत नाही. त्यात पेडण्याची कोकणी आणि सावंतवाडीकडची मालवणी इतक्या लगतच्या, की डोळे मिटून ऐकलं तर मागणारा कोण आणि देणारा कोण, हेही चटकन उमगणार नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. पण दारू आणि पेट्रोल त्याच्या बाहेर राहिले. सीमेच्या या बाजूला बाटली स्वस्त, त्या बाजूला महाग. मग तपासणी आलीच, आणि ती असायलाही हवी. फक्त पिकलेला आंबा तपासणी संपेपर्यंत थांबत नाही. नाक्यावर विकला जातो तो खरं तर वेळ.

या सीमेला रेडिओ नवा नाही. पोर्तुगीज अमलात इथून सोनं आणि घड्याळं चोरून भारतात यायची. उलट्या दिशेने, नोव्हेंबर 1955 पासून, गोवा मुक्तिलढ्यातल्या वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचं गुप्त रेडिओ केंद्र आंबोलीच्या रानातून बोलू लागलं. पोर्तुगीजांना माल अडवता येत होता, आवाज नाही. पुढे मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींनी घरोघरच्या लबाड्या हसत-हसत चव्हाट्यावर आणल्या. आणि 1996 मध्ये 'तिनका तिनका सुख' ही हिंदी मालिका ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावच्या लोकांनी हुंडा न घेण्या-देण्याची लेखी शपथ घेतली. शपथ किती टिकली हा वेगळा प्रश्न. पण गाव आधी एकत्र बसून ऐकत होतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

तर सीमेवरच्या लाचेवर श्रुतिका लिहायची झाली तर किती भागांची? माझ्या मते सात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र बळजबरीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत त्याने तक्रार केली, तर तो सुटतो. पहिल्या रात्री टॉर्च आणि सळसळ. दुसऱ्या रात्री बाजारातला गलका. तिसऱ्या रात्री घरी हिशेबाची वही, आणि बायको विचारते, "ह्ये पाचशे खंय गेले?" चौथ्या रात्री शेजारी सांगतो, एवढ्या-तेवढ्यासाठी कोण जातो तक्रारीला, उद्या परत त्याच वाटेने जायचंय. पाचव्या-सहाव्या भागात फोन हातात घेतला जातो, खाली ठेवला जातो.

सातवा काही केल्या सुचत नाही. आमचे सात दिवस त्या वर्षीच उलटून गेले. नाका मागे पडल्यावर ड्रायव्हरने गाणी लावली होती आणि मी त्याला म्हटलं होतं, "सुटलो बाबा, स्वस्तात." आंब्यांना त्या दिवशी भाव चांगला मिळाला.