कोणत्या अरबीचे गुण?

कैरोच्या मंडईत एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने पुस्तकी अरबीत, सगळे विभक्तिप्रत्यय लावून टोमॅटोचा भाव विचारला, तर भाजीवाल्याला कळतं सगळं. फक्त टीव्हीवरचा वृत्तनिवेदक पिशवी घेऊन दारात उभा राहिल्यासारखं वाटतं. अरबी किती येते हे मोजण्यातली अडचण इथेच सुरू होते.

युरोप परिषदेने २००१ मध्ये मांडलेली ए१ ते सी२ ही शिडी आता जगभर वापरली जाते. खालच्या पायऱ्यांवर ओळख करून देणं, पत्ता विचारणं, खरेदी. वरच्या पायऱ्यांवर अवघड लेख, औपचारिक चर्चा. फ्रेंचमध्ये हे सगळं ढोबळमानाने एकाच भाषेत घडतं. अरबीत मात्र घर आणि बाजार बोलीचे, तर ग्रंथ, बातम्या आणि भाषणं फुस्हाची, म्हणजे प्रमाण अरबीची. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ मध्ये या दुहेरी व्यवहारावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या चार नमुन्यांत अरबी होती. 'आत्ता' हा साधा शब्द घ्या: फुस्हात 'अल-आन', दमास्कसला 'हल्ला', मोरोक्कोत 'दाबा'.

म्हणजे फक्त फुस्हा तपासणारी परीक्षा ए१ला जी कामं करून घेते, ती त्या भाषेत सहसा कुणीच करत नाही. उलट ब्रसेल्समधल्या मोरोक्कन घरातला मुलगा आजीशी तासभर दारिजात, म्हणजे मोरोक्कन बोलीत, भांडू शकतो, पण लिपी येत नसेल तर कागदावर तो नवशिकाच.

पॅरिसच्या अरब जगत संस्थेने २०१९ मध्ये सुरू केलेली 'सिमा' परीक्षा युरोपीय शिडीवर आधारलेली आहे, आणि ती मोजते आधुनिक प्रमाण अरबी. अमेरिकी लष्कराने वेगळी वाट धरली: इराकी, शामी (सीरिया-लेबनॉनकडची), इजिप्शियन अशा बोलींच्या स्वतंत्र चाचण्या. तिथे चूक परवडत नाही, म्हणून असेल. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या हिशेबात अरबीला सुमारे २२०० वर्गतास लागतात, स्पॅनिशच्या जवळपास तिप्पट. त्यातले बोलीला किती, हे विचारायला हवं. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या 'अल-किताब' या पाठ्यपुस्तकमालेने फुस्हासोबत इजिप्शियन आणि शामी बोली शिकवायला घेतल्या. मग प्रमाणपत्रावरही दोन रकाने का नसावेत?

कुवेतमध्ये वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाची अरबी या दोन्ही रकान्यांत बसणार नाही. तिथल्या कामगारांच्या मोडक्या अरबीत नकाराला बहुधा एकच शब्द, 'माफी'. पेट्रोल संपलं, माफी. सुट्टी नाही, माफी. पत्ता, वेळ, गाडीचा बिघाड, सगळं तो तीत निभावून नेतो. यातली बरीचशी कामं ए१ आणि ए२च्या यादीत आहेत.