झाकलेलं छत

आपल्याकडे जुनी खोली नवी करायची निघाली की पहिली नजर वर जाते. भिंतींना रंग देता येतो, शहाबादी काढून टाइल्स घालता येतात. पण वरच्या तुळयांचं काय करायचं? बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत अशी एखादी खोली अजून सापडते. माडीखालची, ठेंगणी. आडव्या तुळया, त्यांच्यावर हाताहाताच्या अंतरानं कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि तीच माडीची जमीन. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. आपल्या आज्या खोलीचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत.

आमची खोली तीन खणांची. चुलीच्या धुरानं लाकूड आधी काळं झालं, मग कोणीतरी त्याला हिरवा ऑइलपेंट फासला, त्यावर कोणीतरी पिस्ता रंग. मधल्या तुळईला पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या. सासूबाई याच खोलीत झोपतात. गेल्या वर्षी त्यांच्या अंथरुणावर पिठासारखा भुगा पडायला लागला आणि घरात चर्चा सुरू झाली. ती रंगाची चर्चा म्हणून सुरू झाली, पण रंगापाशी थांबली नाही.

मुलाचं म्हणणं, जिप्समचं फॉल्स सीलिंग करू, मध्ये दिवे बसवू, खोली उजळेल. पुण्याचे भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, तुळयांना हात लावू नका हं. हॉटेलवाले हल्ली मुद्दाम खोट्या तुळया चिकटवतात, आपल्याकडे तर खऱ्या आहेत." आणि मेस्त्री वर बघून एवढंच बोलला, "अक्का, औषध मारतो आणि खालनं झाकून टाकतो. दिसायचं बी नाही, त्रास बी नाही."

'दिसायचं बी नाही' या शब्दांपाशी मी अडकले ती अडकलेच.

आपण स्वाध्यायात हिंसेचे चार प्रकार शिकतो. संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे पोटाच्या धंद्यातली आणि विरोधी म्हणजे स्वतःला वाचवताना होणारी. श्रावकानं संकल्पी हिंसा सोडायचीच, बाकीच्या जमतील तितक्या कमी करायच्या. आता लाकूड पोखरणाऱ्या किड्यावर औषध मारणं यातलं कुठलं? आमच्या ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, घर राखायचं म्हणजे आरंभी. दुसऱ्या म्हणाल्या, तुळई पडली तर माणूस मरेल, म्हणून विरोधी. दोघीही अभ्यास असलेल्या. पण मला राहून राहून वाटलं, ही नावं आपल्याला हिंसा कमी करता यावी म्हणून दिली होती, आणि आपण ती परवान्यासारखी वापरतो. नाव सापडलं की सुटलो! पंपात विष भरून, जीव आहेत हे माहीत असलेल्या भोकांत ते सोडायचं, आणि त्याला घरकाम म्हणायचं? माझी जीभ तरी वळत नाही.

बरं, तुळई काढून नवं लाकूड घालावं तर पुन्हा एक झाड. या तुळयांचा साग कधीच अचित्त झाला, त्याचं पाप-पुण्य ज्यांनी तोडला त्यांच्या खाती. लोखंडी गर्डर घालावा तर तोही खाणीतून आणि भट्टीतूनच येतो, फक्त ती खाण आणि भट्टी आपल्या परसात नसते. म्हणजे निर्दोष असं काहीच हाती लागत नाही. मग निवड कशाची उरते? मला वाटतं, आपण केलेलं आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचं की नाही, याची.

झाकलेल्या छताचं असं असतं की त्याच्यावर एक पोकळी तयार होते. तिथे झाडू जात नाही, उजेड जात नाही. पाली, झुरळं, उंदीर, वाळवी, सगळ्यांना ती बरी. वर्षा-दोन वर्षांनी वास आला की फवारणीवाला बोलवायचा. तो एका भोकातून नळी घालणार आणि आत काय मेलं ते आपण बघणारही नाही. उघड्या तुळईवर कोळ्यानं जाळं धरलं तर ते दुसऱ्या दिवशी दिसतं. मऊ कुंच्यानं त्याला अलगद खाली घेऊन परसात सोडता येतं. जीव मारण्यापेक्षा तो तिथे वस्तीला येणार नाही असं वागणं, यालाच आपल्यात यत्नाचार म्हणतात. मराठीतला 'जतन' हा शब्दही त्या 'यत्ना'तूनच आला आहे. जतन म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे.

पण इथे भाऊजींना 'तुमचंच खरं' म्हणून मोकळी होणार नव्हते. उघड्या तुळया सुंदर दिसतात, त्या दिवाळीला दोन दिवस आलेल्यांना. त्या झाडतं कोण? स्टुलावर चढून, मान मागे टाकून, डोळ्यांत जळमटं घेऊन आमच्या घरात सासूबाईंनी त्या झाडल्या, मग मी झाडल्या. तीन खण, त्यावर प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजू. घराण्याची शान एकानं सांगायची आणि स्टूल दुसरीनं धरायचं, हा वारसा मला मान्य नाही. मुलाला मी स्पष्ट सांगितलं, तुळया उघड्या राहणार असतील तर झाडणं तुझ्याकडे. तो म्हणाला, "आई, म्हणूनच तर मी झाकूया म्हणत होतो." उत्तर प्रामाणिक होतं, मला आवडलं.

मेस्त्रीनं नंतर पेचकस घेऊन तुळया टोचून पाहिल्या. सागाचा आतला गाभा कीड सहसा खात नाही. खाते ती बाहेरचा पांढरा भाग. आमच्या मधल्या तुळईची एक कड तेवढी पांढऱ्या लाकडाची होती आणि भुगा तिथूनच यायचा. ती कड तासून काढली तर गाभा ठणठणीत होता. म्हणजे विषाचं कामच नव्हतं. वर बघायला कोणी चढलंच नव्हतं, इतकंच. बाकीच्या लाकडाला जवसाचं तेल द्यायचं ठरलं, कारण हा किडा अंडी घालतो ती उघड्या लाकडाच्या भेगांत. तासलेल्या ढलप्या जाळू दिल्या नाहीत, परसात जांभळाखाली टाकल्या. तासताना आतले काही मेले असतीलच. त्याला मी आरंभी म्हणते, पण ते म्हणून मन स्वस्थ होत नाही.

काम माघात काढलं. चातुर्मासात जीवजंतू फार म्हणून आपण आरंभ टाळतो. सुतारही तेच सांगतो, लाकूड कोरडं असताना हात लावावा. अशा ठिकाणी धर्म आणि धंदा एकच बोलतात, तेव्हा बरं वाटतं.

रंग काढायच्या दिवशी मात्र वेगळंच समोर आलं. मेस्त्रीबरोबरचा पोरगा, असेल अठरा-एकोणिसाचा, मशीननं घासायला लागला आणि खोलीभर पिस्ता-हिरवी धूळ. तोंडाला काही नाही. मी मशीन बंद करायला लावलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. आमचे दोन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे. मेस्त्री म्हणाला, "सवय हाय त्याला, अक्का." शिसं सवयीनं पचत नाही, ते अंगात साठत जातं. पाणी मारून, ओलं करून, पत्रीनं खरवडायचं, तोंडाला नीट मास्क लावायचा, भिजलेला कचरा गोळा करून पिशवीत बांधायचा, असं ठरवलं. दोन दिवस वाढले, त्यांची मजुरी दिली. ते उपकार नव्हते, कामाची किंमतच तेवढी होती.

महिनाभर आम्ही किड्याचा विचार केला होता. मुंगी तीन इंद्रियांची, हे आपल्या पोरांनाही पाठ असतं. शिडीवर उभा असलेला पाच इंद्रियांचा, मनासकटचा जीव मात्र आपल्या चर्चेत मजुरीच्या आकड्यापुरता येतो. पाणी गाळून पिणाऱ्या घरांतही हे होतं, हे आपल्याच माणसांत म्हणायला हरकत नसावी.

पाळण्याच्या कड्यांचा प्रश्न उरला होता. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत अडकलेल्या जिवावरून केली आहे. त्या हिशेबानं सगळ्यात जास्त परिग्रह पुण्याच्या भाऊजींकडे निघाला. याच कड्यांना त्यांचा पाळणा बांधला होता, त्या काढायच्या म्हटल्यावर ते हळवे झाले. सासूबाईंनी पलंगावरूनच निकाल दिला. "काढ की गं. आता कोणाला झोके देणार आहेस? त्याला हव्या असतील तर पाठवून दे."

कड्या कागदात गुंडाळून पुण्याला गेल्या. तुळया आता तपकिरी दिसतात, कड्यांच्या जागी दोन भोकं आहेत, ती बुजवलेली नाहीत. लांब दांड्याचा कुंचा दारामागे लटकतो. दर पंधरा दिवसांनी मुलाची पाळी. दोनदा त्यानं झाडलं, तिसऱ्यांदा आठवण करावी लागली.