बोलेल त्याची बोरे

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, असे आपल्याला लहानपणी शिकवतात आणि मोठेपणी दुकान काढायला सांगतात. मराठी माणसाच्या धंद्याची सगळी गोची या दोन उपदेशांच्या मध्ये आहे. समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खलक्षणे सांगताना आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खांत बसवले. गंमत अशी, की त्याच ओवीत आपल्याच मुलखात विपत्ती भोगणारा आणि वडिलांची कीर्ती सांगणारा, हेही शेजारी बसले आहेत. म्हणजे ‘आमच्याकडे उत्तम माल मिळेल’ अशी पाटी लावली तर मूर्ख. न लावता माशा मारीत बसलो तर मूर्ख. आणि ‘आजोबांच्या वेळेपासूनची पेढी’ असे लिहिले तरी मूर्खच! दुकानदाराने करावे तरी काय?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न फार जुना आहे. मुरबाडवरून वैशाखऱ्याला जाऊन नाणेघाट चढला की माथ्यावर सातवाहनांची गुहा लागते. तिथल्या लेखात राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा नोंदली आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, सगळे आकड्यांसकट. जागेची निवड तर पाहा! दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी धापा टाकीत वर येणार, गुहेत टेकणार, आणि टेकला की वाचणार. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. त्या केव्हाच नाहीशा झाल्या. वर कोरलेली नावे तेवढी उरली. माल गेला, पाटी राहिली. प्रसिद्धीची ताकद म्हणतात ती ही.

आता लेणे खोदायची गरज उरली नाही. आसनगावच्या वडापाववाल्यापासून मुरबाडच्या शिंपीकाकांपर्यंत सगळे फोनवर आहेत. सकाळी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आधी गणपती, मग सुविचार आणि मग ‘आजचा स्पेशल मेनू’. माहुलीच्या पायथ्याचे साधे जेवणघर गूगलच्या नकाशावर गेले की ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव’ होते. अनुभव खरेच अविस्मरणीय असतो. भाकरी यायला पाऊण तास लागतो.

म्हसाच्या जत्रेतला बैलबाजार आठवा. बैलांच्या सौद्याची जुनी रीत अशी, की किंमत रुमालाखाली, बोटे दाबून ठरायची; पण बैलाचे दात मात्र चारचौघांत उघडे. कुणीही यावे, जबडा फाकावा आणि वय मोजावे. आता किंमत अजून रुमालाखालीच आहे, फक्त रुमालाला ‘इनबॉक्स’ म्हणतात. फरक एवढाच झाला, की दातसुद्धा घासूनपुसून, रंग चढवून दाखवता येतात आणि जबड्यात हात घालायची सोय राहिलेली नाही. खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. गिऱ्हाईक समोर नसताना आपण काय बोलतो?

मुरबाडला आमच्या ओळखीच्या एक वहिनी पापड-कुरडया करतात. चार बायकांची मजुरी त्यांच्यावर चालते. त्यांचा भाचा एकदा म्हणाला, “मावशी, समोरच्या बाईंना बघ, दोनशे लोकांनी पाच-पाच तारे दिलेत. मी मित्रांना सांगतो, तुलाही देतील.”

“त्यांनी माझा पापड खाल्लाय का?”

“तारे द्यायला पापड कशाला खायला हवा?”

“मग पापड करायला तरी मी कशाला हवी?” वहिनी म्हणाल्या आणि विषय संपला.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्राय खरे कसे असावेत याचे मानकच काढले. वहिनींनी ते वाचलेले नाही. त्यांना लागलेही नाही.

पण मला रात्री प्रश्न पडला. वहिनींच्या सचोटीची किंमत त्या चार बायकांनी का मोजावी? न बोलणे हा सद्गुण कसा? चांगली वस्तू घरात झाकून ठेवणारा माणूस विनयशील असेल, पण तो गिऱ्हाइकालाही फसवतोच. त्याला वाईट वस्तूकडे जाऊ देतो.

२०२५ साली मे महिन्यातच पाऊस आला. मुंबईत तर २६ मेला मोसमी पाऊस दाखल झाला. पापड नीट वाळेनात. वहिनींनी स्टेटसवर लिहिले, “यंदाचे पापड मनासारखे नाहीत. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे.” भाच्याने कपाळाला हात लावला. काही मागण्या रद्द झाल्या. मग डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. “पापड राहू द्या हो. सध्या तुमच्याकडे चांगलं काय आहे?” वहिनींनी भाजणी सांगितली, आणि चार बायका लाटणे ठेवून कढईकडे वळल्या.

खरे बोलल्याने धंदा वाढतो, असे मी म्हणणार नाही. समोरच्या बाई अजून पुढेच आहेत. पण मला स्तुती आणि प्रसिद्धी यांतला फरक तिथे कळला. समोरच्याचा हात बैलाच्या जबड्यात असताना जे बोलता येईल, ते खुशाल शंभर कोसांवर ओरडून सांगावे. तेवढ्याला समर्थही मूर्ख म्हणणार नाहीत. बोलेल त्याची बोरे विकतील हे खरेच. फक्त टोपलीत बोरे असावीत, आणि त्यांतली किडकी कुठली, हेही आपणच सांगावे.