भागाकाराच्या आधी

गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॉट असं छापलेलं असतं. वॉटला व्होल्टने भागा, धारा येते ८.७ अँपिअर, व्होल्टला त्या धारेने भागा, कॉइलचा रोध निघतो साधारण साडेसव्वीस ओहम. नववी-दहावीतलं पोरही हे सहज काढतं. मग व्होल्टाची बॅटरी १८०० साली आल्यावरही हा भागाकार सापडायला पाव शतक का लागलं? माझ्या मते, ज्यांचा भागाकार करायचा त्या दोन राशी मुळात वेगळ्या आहेत हेच कुणाला नीट उमगलेलं नव्हतं.

हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ च्या सुमारास मिठाच्या पाण्यातून वीज सोडून, आपल्याच अंगाला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करत बरंच काही ताडलं होतं. पण वह्या घरातच राहिल्या. मॅक्सवेलने त्या १८७९ मध्ये छापल्या, तेव्हा त्यांचं काम उरलं नव्हतं.

गेऑर्ग ओहम हा कुलूपं बनवणाऱ्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेत मास्तर. १८२५ च्या त्याच्या पहिल्या निबंधात लॉगॅरिदमचं सूत्र आलं, आणि ते चुकीचं होतं. मोजणी चालू असतानाच बॅटरी उतरत होती. नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं, बॅटरी सोडा, दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर वीज देणारं सीबेकचं थर्मोकपल घ्या. (संपादकांच्या सूचना क्वचितच इतक्या फळतात!) मग बिस्मथ आणि तांब्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक हलत नाही, म्हणून विजेचा रेटाही हलत नाही. सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडायच्या. वर टांगलेली चुंबकसुई वळली की टांगणीला पीळ देऊन तिला मूळ जागी आणायचं. जितका पीळ, तितकी धारा.

आकडे जुळले ते असे: धारा काढायला एका स्थिरांकाला, तारेची लांबी अधिक दुसरा स्थिरांक, यांनी भागायचं. खरी गंमत पुढे आहे. ओहमने तापमानातला फरक कमी करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वरचा स्थिरांक घटला आणि खालचा जागचा हलला नाही. ढकलणारं वर, अडवणारं खाली. दोन्ही कायमची वेगळी झाली. शिवाय उगमालाही स्वतःचा रोध असतो, हेही त्या खालच्या स्थिरांकातच होतं. फूरिएने १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचं जे गणित मांडलं होतं, त्याच्या आधाराने ओहमने १८२७ चं पुस्तक लिहिलं. जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिलं.

त्याच वर्षी मँचेस्टरच्या बिअर कारखानदाराचा मुलगा जूल याने छापलं, की तारेतली उष्णता रोधाच्या आणि धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककं १८८१ च्या पॅरिस परिषदेत ठरली. वॉट विल्यम सीमेन्सने पुढच्या वर्षी सुचवला.

धारेच्या वर्गाचा हा हिशेब आपल्याकडे लो व्होल्टेजमध्ये दिसतो. १८० व्होल्टवर गिझर जेमतेम सव्वाबाराशे वॉट देतो. पाणी उशिरा तापतं, एवढंच. विहिरीवरच्या पंपाचं उलटं. फिरणारी मोटर स्वतःही उलट व्होल्टेज तयार करते, म्हणून नुसता वाइंडिंगचा रोध मोजून तिची धारा काढता येत नाही. व्होल्टेज पडलं, फेरे मंदावले, की हे उलट व्होल्टेज घटतं आणि मोटर जास्त धारा ओढते. धारा दीडपट झाली तर वाइंडिंगमधली उष्णता सव्वादोनपट होते, आणि मोटर रिवाइंडिंगला जाते.