दगड, लाकूड आणि रान

माणूस गेल्यावर मागे काय ठेवायचं? विदर्भाने या प्रश्नाची वेळोवेळी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला शेकडो शिलावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या लोकांनी आपले मृत पुरले, भोवती मोठमोठे दगड रचले, सोबत लोखंडी हत्यारं आणि भांडी ठेवली. माहुरझरीच्या उत्खननात घोडासुद्धा पुरलेला सापडला. गेलेल्याचा मान दगडाने राखायचा, हा तेव्हाचा विचार.

तेराव्या शतकात आपल्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर महानुभाव पंथाचं मोठं ठाणं झालं. गोविंदप्रभूंचं हे गाव. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ही इथलंच. या पंथात देह जाळत नाहीत, भूमीत ठेवतात. त्याला निक्षेप म्हणतात. संग्रह सोडा, हिंसा टाळा, असं सांगणाऱ्या पंथाला हा संस्कार शोभतो. लिंगायत, गोसावी, मुसलमान हेही मातीच देतात, आणि एरवी दहन करणारी घरंही तान्ह्या लेकराला पुरतात. म्हणजे पुरणं वऱ्हाडाला परकं नाही.

तिकडे मेळघाटात कोरकू आदिवासींनी आणखी वेगळी वाट धरली. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात नोंद आहे की, कोरकू खड्ड्यात आधी दोन पैसे टाकत आणि ती जागा जमिनीकडून विकत घेत. नंतर विधी करून मुंडा उभारतात, म्हणजे सागवानी खांब. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. हा खांब ऊनपावसात झिजतो आणि शेवटी रानातच मिसळतो. जमीन आपली नाही आणि आठवणही कायमची नाही, या दोन्ही गोष्टी या रीतीत आहेत. मला हा फार परिपक्व विचार वाटतो.

बाहेरच्या जगात हा विचार नव्याने वर आला तो 1993 साली. इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत केन वेस्ट यांनी एक भाग राखून ठेवला: देहाला रसायनं नाहीत, कुजणारी पेटी किंवा नुसतं कापड, आणि दगडाऐवजी झाड. 1998 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात डॉ. बिली कॅम्पबेल यांनी रॅमसे क्रीक इथे त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तिथे दफनामुळे जंगल राखलं जातं, कारण जिथे आपली माणसं आहेत ती जमीन सहसा कोणी विकत नाही.

मोर्शीला हाच मुद्दा घेण्यासारखा आहे. एका सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. ज्यांना दहनच हवं त्यांनी ते जरूर करावं. श्रद्धेवर जबरदस्ती नको. पण ज्यांच्यात पुरण्याची रीत आहे, किंवा ज्यांची तशी इच्छा आहे, त्यांच्यासाठी एक रान का असू नये?

मात्र जागा डोळे मिटून निवडता येणार नाही. काळ्या मातीत पाणी तुंबतं, हवा खेळत नाही, आणि हवेशिवाय देह लवकर मातीत मिसळत नाही. त्यासाठी मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी. खड्डा फार खोल नको, कारण मातीतले जीव वरच्या थरातच जास्त असतात. पण जनावरं उकरणार नाहीत एवढी माती वर हवीच. मोर्शी-वरूडच्या संत्राबागांनी भूजल आधीच उपसलं आहे; उरलेलं पाणी दूषित होऊ नये म्हणून विहिरी आणि नाल्यांपासून अंतर राखणं आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घेणं गरजेचं आहे.

गावोगावी ई-क्लास जमीन, म्हणजे गावाच्या वापराची सरकारी जमीन आहे, अनेक ठिकाणी तिच्यावर अतिक्रमण आहे. ग्रामसभेने तिचा एक तुकडा तपासून घ्यावा, रीतसर मंजुरी घेऊन दफनासाठी राखावा आणि तिथे कडुनिंब, मोह, बेहडा लावावेत. ओटे बांधू नयेत, नावाच्या फरश्या लावू नयेत. येत्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.