जिंकलेली घंटा

बदलापुरावरून वाहत येणारी उल्हास नदी पुढें वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. तेथील भग्न किल्ला पाहतांना एक जुना प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो: तरवारीच्या यशानें धर्म सिद्ध होतो काय?

१०९५ सालीं पोप दुसरा अर्बन यानें क्लेर्मों येथें धर्मयुद्धाची हांक देऊन क्रूस व तरवार यांची सांगड घातली. तीच वृत्ति पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं गेली, आणि एकाच तटाच्या आंत तोफा व प्रार्थनामंदिरें नांदूं लागलीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला. पराजितांस त्यांनीं कुटुंबकबिल्यासह जाऊं दिलें. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्हें म्हणून देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीस १७०७ साल कोरलेली अशी एक घंटा आजहि आहे.

यांत एका धर्माचा जय व दुसऱ्याचा पराजय झाला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. घंटेचा धनी बदलला, नाद बदलला नाहीं. पोर्तुगीज गेले, परंतु वसईचा ख्रिस्ती समाज राहिला, आणि आजहि तो मराठींतच प्रार्थना करतो. ज्या श्रद्धेच्या प्रसारास राजसत्तेचें बळ होतें, ती त्या बळावांचून टिकली. शस्त्रानें भूमि मिळते, घंटाहि मिळते. अंतःकरण मिळत नाहीं. हें जेत्यानें ओळखणें, हाच आमच्या मतें संस्कृतीचा आरंभ होय.