पिळण्याआधी

फाल्गुनातली सकाळ आहे. कोलकात्यातल्या एका जुन्या घराची गच्ची आहे.

वर या. चपला जिन्यातच राहू द्या.

कठड्यापाशी मातीनं भरलेलं एक पिंप आहे. त्यात गंधराज लिंबाचं झाड आहे, तुमच्या खांद्याएवढं.

त्याच्याजवळ बसा. पाणी घालायचं नाही. फांदी छाटायची नाही. नुसतं बसायचं.

श्वास येऊ द्या. श्वास जाऊ द्या.

खाली गल्लीत हातरिक्षाची घंटी वाजते. वाजू द्या. ती पुढे निघून जाते.

…

आता एक पान निवडा. सगळं झाड नको. एकच पान.

तोडू नका. खालून बोटाचा आधार द्या आणि ते थोडं उजेडाकडे करा.

पाहा. हिरव्या पात्यात बारीक बारीक ठिपके आहेत. त्यांतून ऊन आरपार येतं. एकेक ठिपका म्हणजे तेलाची एक इवली पिशवी. या झाडाचा गंध तिथे साठलेला आहे.

अजून चोळू नका. थांबा.

नजर देठाकडे उतरू द्या. देठाच्या दोन्ही अंगांना हिरवी कड आहे. देठाच्या बेचक्यात एक काटा आहे. काट्यापाशीही क्षणभर थांबा. तोही याच झाडाचा आहे.

आता अंगठा पानावरून हलकेच फिरवा. एकदाच.

अंगठा नाकाशी आणा. डोळे मिटा.

श्वास आत.

हा वास कशाची आठवण देतो, ते शोधू नका. तो आहे तसा असू द्या. येतो तेव्हा येऊ द्या, ओसरतो तेव्हा ओसरू द्या.

…

डोळे उघडा. शेंड्याकडे कोवळी पालवी आहे. एखादं पान उलटून पाहा.

तिथे फिकट पिवळा, गोल, मोहरीच्या दाण्याहूनही लहान ठिपका दिसतो का? ते फुलपाखराचं अंडं आहे.

काही दिवसांनी त्यातून अळी निघेल. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसेल, म्हणून पक्षी तिच्याकडे फिरकणार नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होईल. ती पालवी खाईल.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, आपलं नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

हात लगेच पुढे नेऊ नका. अळी काढायची की ठेवायची, ते नंतर ठरवा. आत्ता फक्त पाहा. तुमच्या पिंपातल्या झाडावर आणखी कुणाचं तरी घर आहे.

श्वास येऊ द्या. श्वास जाऊ द्या.

…

आता बोट मातीत घाला. एक पेरभर.

माती थंड लागते का? बोटाला चिकटते का? मग झाडाला आज पाणी नको.

लिंबाच्या अन्न शोधणाऱ्या मुळ्या वरच्या थरातच पसरतात. पाणी साचलं की त्या कुजतात. कोलकात्याच्या पावसात झाडं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानंच जास्त जातात.

बोट तसंच राहू द्या. ही गंगेच्या गाळाची माती आहे, फार लांबून वाहत आलेली.

झाडाचं कूळ मात्र त्या मानानं जवळचं. हिमालयाचा आग्नेय पायथा, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनमधल्या युनानचा पश्चिम भाग, हे लिंबूवर्गीय झाडांचं मूळ घर. २०१८ साली जनुकांच्या अभ्यासातून ते समोर आलं.

माती आणि झाड, दोघंही वाट चालून इथे आली आहेत. तुम्हीही.

या शहरात मराठीही अशीच येऊन रुजली. इंग्रज मिशनरी विल्यम केरी इथल्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली हुगळीकाठच्या श्रीरामपुरात छापलं गेलं. त्यांनीच १८२० साली बागायतीची संस्था काढली. अलिपूरला तिची बाग आजही आहे. भाषा आणि झाडं, दोन्हींपाशी एकच माणूस वर्षानुवर्षं बसला.

बसा. अजून थोडं बसा.

…

फांदीवर पांढऱ्या कळ्या आहेत. काही उमलल्या आहेत. खाली मातीवर काही गळून पडल्या आहेत.

गळलेल्या मोजू नका. लिंबाची बहुतेक फुलं गळतातच, थोडीच फळ धरतात. झाडाला पेलेल तेवढंच ते ठेवतं.

आत, पानांआड, मागच्या बहराचं एक फळ राहिलं आहे. लांबट, हिरवं, जाड सालीचं.

तळहात खाली धरा. वजन येऊ द्या. तोडू नका.

आंबा अढीत पिकतो. लिंबू नाही. त्याला जे व्हायचं ते झाडावरच होतं.

या फळात रस बेताचाच असतो. कोलकात्यातली माणसं तरीही गच्चीवर ते जपतात. डाळभाताच्या ताटात एक फोड ठेवतात, घोळात, म्हणजे ताकात, पान टाकतात. सगळं मोल सालीत आणि पानात आहे. फार पिळलं तर हाती कडवटपणाच येतो.

हे तळहाताला कळू द्या. थांबा.

दिवसातल्या किती गोष्टी आपण हातात येताच पिळतो? उत्तर देऊ नका. प्रश्न नुसता असू द्या.

श्वास येऊ द्या. श्वास जाऊ द्या.

…

आता सावकाश उठा.

झाड लावायचं मनात असेल तर गुटी कलम घ्या. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षं लागतात. कोलकात्यात असाल तर आषाढात रथाच्या जत्रेत रोपं मिळतात, रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातही मिळतात. पुण्या-नागपुरात असाल तर जवळच्या रोपवाटिकेत विचारा. गंधराज नसेल तर कागदी लिंबू चालेल. पिंपाच्या तळाला भोकं पाडा. दिवसातले पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या.

तुमच्या घाईनं ते एक दिवसही लवकर फळणार नाही. त्याच्यापाशी बसायला मात्र फळाची वाट पाहू नका. रोप आणाल त्याच दिवशी बसा.